एआय अप्रेंटिसशिपसाठी ट्रेनिंग प्रोव्हायडर कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, सातपूर, शिरोली, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत एचआरवाल्यांशी बोला, सध्या एक विषय निघतोच, की एआयसाठी अप्रेंटिस घ्यायचेत आणि ट्रेनिंग देणाऱ्या संस्थांचे रोज फोन येतायत, मग यातली खरी कोण आणि नुसती ब्रोशरवाली कोण हे ओळखायचं कसं. हे पान त्यांच्यासाठी आहे, आणि मुलामुलीला अशा अप्रेंटिसशिपला लावायचा विचार करणाऱ्या पालकांसाठीही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: आधी कंपनीतलं काम ठरवा, मग ते काम शिकवू शकणारा माणूस शोधा. बहुतेक जण आधी संस्था पकडतात आणि मग काम शोधत बसतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एआय अप्रेंटिसशिप म्हणजे नक्की काय? एआयच्या कोर्सपेक्षा ती वेगळी कशी?

कोर्समध्ये तुम्ही फी भरता आणि शिकता. अप्रेंटिसशिपमध्ये तुम्ही कंपनीत काम करत शिकता आणि कंपनी तुम्हाला दर महिन्याला स्टायपेंड देते. याला १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा लागू होतो, कंपनी आणि उमेदवार यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, मुदत ठरलेली असते आणि शेवटी मूल्यमापन होऊन सर्टिफिकेट मिळतं. पूर्वी यात फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असे ठरावीक ट्रेडच असायचे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ऑप्शनल ट्रेड आले, म्हणजे ठरलेल्या यादीबाहेरची कामंही अप्रेंटिसशिपमध्ये बसायला लागली, आणि डेटा, मशीन लर्निंग वगैरे कामं बहुतेक याच दारातून आत येतात. ऑप्शनल ट्रेडची मुदत ६ महिन्यांपासून ३६ महिन्यांपर्यंत असू शकते.

करार नाही, पोर्टलवर नोंद नाही, स्टायपेंड नाही, तर मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असू दे, ती अप्रेंटिसशिप नाही.

मग ट्रेनिंग प्रोव्हायडर कशाला लागतो? कंपनीच शिकवू शकत नाही का?

शिकवू शकते, आणि ज्यांच्याकडे शिकवायला वेळ असलेली जाणकार माणसं आहेत त्यांनी खरंच स्वतः शिकवावं. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम कंपन्यांत काय असतं, एक आयटीवाला असतो, तोच ईआरपी बघतो, तोच प्रिंटर बघतो, तोच सीसीटीव्ही बघतो, त्याच्या गळ्यात अजून चार पोरं बांधली तर पोरंही शिकत नाहीत आणि त्याचंही काम अडतं. अप्रेंटिसशिपचे दोन भाग असतात, एक पायाभूत शिक्षण आणि थिअरी, दुसरं प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण. पहिला भाग बाहेरच्या प्रोव्हायडरकडे देता येतो. दुसरा मात्र कंपनीलाच करावा लागतो, तो विकत मिळत नाही. जो प्रोव्हायडर म्हणतो की तुम्ही काही बघू नका, सगळं आमच्यावर सोडा, त्याला मी तरी काम देणार नाही, कारण कामावरचं शिक्षण तो तुमच्या शॉपफ्लोअरवर न येता करणार कसं?

आमच्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात का?

३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर तुमच्या मर्जीवर. २०१९ च्या नियमांप्रमाणे एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायचे असतात आणि यात कंत्राटी कामगारही मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. म्हणजे २०० माणसांच्या कंपनीत कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३०. हे सगळे एआयचेच असायला हवेत असं अजिबात नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एआयच्या कामाला दोन-तीनच घ्या, बाकीचे नेहमीच्या ट्रेडचे ठेवा.

स्टायपेंड किती द्यायचा आणि सरकार किती देतं? दोन सरकारी योजनांपैकी एनएपीएस घ्यायची की एनएटीएस?

२०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरला, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला ९,०००. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढ करायची शिफारस केली, त्यामुळे करार करायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा बघूनच लिहा. आणि हा किमान आकडा आहे, जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचं ९,००० मध्ये काय होतं हे आपल्या सगळ्यांना माहितीय, चांगली मुलं टिकवायची असतील तर थोडं वर द्या.

एनएपीएसमध्ये केंद्र सरकार स्टायपेंडच्या २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, थेट अप्रेंटिसच्या बँक खात्यात टाकतं. एनएटीएस ही पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठीची योजना, तिच्यात किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा सरकारचा, म्हणजे ९,००० वर ४,५०० आणि ८,००० वर ४,०००. पश्चिम विभागासाठी ती मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ बघतं. इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी झालेली मुलं घेणार असाल तर एनएटीएस नीट तपासा, आयटीआयची मुलं असतील तर एनएपीएस. प्रोव्हायडरला या दोन्हीतला फरक एका दमात सांगता आला नाही, तर त्याने आधी कुणाची अप्रेंटिसशिप चालवलीय की नाही याचीच शंका घ्यायला हवी.

एक एजन्सी म्हणते आम्ही उमेदवार पण देतो, कागदपत्रं पण करतो, ट्रेनिंग पण देतो. घ्यायची का?

इथे दोन वेगळी कामं आहेत. उमेदवार गोळा करणं, पोर्टलवर करार टाकणं, हजेरी आणि स्टायपेंडचा हिशोब ठेवणं हे थर्ड पार्टी अ‍ॅग्रिगेटरचं काम, शिकवणं हे प्रोव्हायडरचं काम. एकच संस्था दोन्ही करत असेल तर हरकत नाही, पण कोटेशन वेगळं मागा. दर माणशी महिन्याला अमुक असा एकच आकडा आला की त्यातले शिकवण्याचे किती आणि कागदांचे किती हे कळत नाही, आणि अनुभव असा की पैसे कमी पडायला लागले की आधी शिकवणं कापलं जातं, कारण कागद नसले तर लगेच ओरड होते आणि शिकवणं नसलं तर सहा महिने कुणाच्या लक्षातच येत नाही.

प्रोव्हायडरच्या पहिल्या भेटीत काय विचारायचं?

भेटीच्या आधी तुमचं घरचं काम करा. कंपनीतली अशी तीन कामं लिहून काढा जी रोज होतात, वेळखाऊ आहेत आणि ज्यांचा डेटा कुठेतरी साठलेला आहे. पर्चेसमध्ये येणारी पीडीएफ बिलं बघून टॅलीत एन्ट्री मारणं, कास्टिंगचे फोटो बघून ब्लो होल, म्हणजे हवेने पडलेली भोकं, ओळखणं, सर्व्हिसच्या तक्रारी वाचून योग्य इंजिनिअरकडे पाठवणं, मेंटेनन्सच्या जुन्या नोंदींवरून कुठलं मशीन बंद पडायला आलंय याचा अंदाज घेणं, अशी. मग हा कागद प्रोव्हायडरसमोर ठेवा आणि म्हणा, यातलं एक निवडा आणि आमचा अप्रेंटिस सहा महिन्यांत इथपर्यंत कसा पोचेल ते सांगा.

आता नीट ऐका तो काय विचारतो. चांगला प्रोव्हायडर उलट प्रश्न विचारेल, की महिन्याला किती बिलं येतात, सगळी छापील की काही हाताने लिहिलेली, फोटो कोण काढतं, लाइट कसा आहे, चूक झाली तर कुणाचं नुकसान होतं, हे काम आत्ता कोण करतं आणि ती व्यक्ती अप्रेंटिसला वेळ देईल का. कदाचित तो असंही म्हणेल की या कामाला एआयची गरजच नाही, एक्सेलमध्ये नीट फॉर्म्युला लावला तरी होईल. असं म्हणणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका, धंदा जायची शक्यता असताना तो खरं बोलतोय. आणि जो तुमचा कागद बाजूला सारून स्वतःचं प्रेझेंटेशन लावतो, पहिल्या स्लाइडवर रोबोट, दुसऱ्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसरं, आधीच्या बॅचचे अप्रेंटिस भेटवा म्हणा. प्रोव्हायडरने निवडून दिलेला एक टॉपर नको, मागच्या बॅचची यादी घ्या आणि त्यातले दोन-तीन तुम्ही निवडा. त्यांना इतकंच विचारा की आठवड्यात शिकवणारा किती वेळ तुमच्याबरोबर असायचा, आणि आज तुम्ही काय काम करता. मध्येच सोडून गेलेला एखादा भेटला तर फारच उत्तम, त्याच्याकडून जे कळतं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

सिलॅबस बघून काय कळतं?

बरंच कळतं, फक्त वाचायची पद्धत उलटी ठेवा, शेवटच्या पानापासून सुरू करा, म्हणजे प्रोजेक्ट काय आहेत ते आधी बघा. सगळे प्रोजेक्ट टायटॅनिकचे प्रवासी, आयरिसची फुलं आणि हाताने लिहिलेले आकडे यावरच असतील तर तो सिलॅबस कॉलेजचा आहे. हे डेटासेट सरावाला चांगले आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण ते आधीच स्वच्छ केलेले असतात आणि कंपनीतला डेटा तसा कधीच नसतो. तुमच्या स्टोअरच्या शीटमध्ये एकच बेअरिंग चार वेगवेगळ्या नावांनी लिहिलेलं असतं, तारखा कुठे दिवस आधी कुठे महिना आधी, मधल्या काही ओळी रिकाम्या. हे निस्तरण्यातच बहुतेक वेळ जातो आणि खरी अप्रेंटिसशिप तिथेच होते. म्हणून सिलॅबसमध्ये एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), डेटा साफ करणं याला किती तास आहेत ते मोजा. पायथन ही कोडिंगची भाषा, कोडमधले बदल सांभाळणारं गिट, आणि मॉडेल ट्रेन करणं, म्हणजे डेटा दाखवून प्रोग्रामला शिकवणं, हे नंतर येतं.

मग तपासणीचा भाग बघा. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीचं उदाहरण घेऊ. समजा १,००० कास्टिंगमधली २० खराब आहेत. एखाद्या मॉडेलने डोळे झाकून सगळीच चांगली म्हटली तरी त्याची अचूकता ९८ टक्के येते, आणि खराब माल सगळाच्या सगळा गिऱ्हाइकाकडे जातो. त्यामुळे खराबमधली किती पकडली आणि चांगल्यातली किती उगाच नाकारली, हे दोन आकडे वेगळे काढायला शिकवतात का ते विचारा. ज्या डेटावर मॉडेल शिकलं त्याच डेटावर परीक्षा घेऊन मार्क सांगतात का, की वेगळा डेटा राखून ठेवतात, हेही विचारा. तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नसलं तरी हे दोन प्रश्न विचारता येतात आणि समोरच्याच्या उत्तरावरून, खरं तर उत्तर द्यायच्या आधी तो किती घुटमळतो त्यावरून, पुष्कळ काही समजतं.

चॅटबॉटला प्रॉम्प्ट, म्हणजे सूचना, कसे लिहायचे यावरच जर दोन-तीन महिने असतील, तर तो सिलॅबस परत करा. प्रॉम्प्ट लिहिणं कामाचं आहे, पण त्याला इतका वेळ लागत नाही. टूलने आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं तर ते पकडायचं कसं, हे शिकवायला मात्र वेळ लागतो, आणि तो दिलाय का ते बघा.

शिकवणारा कसा असावा?

संस्थेच्या नावापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि यावर कोटेशनमध्ये सहसा एक ओळ असते, अनुभवी तज्ज्ञ मार्गदर्शक. नाव लिहून मागा. हाच माणूस शिकवणार, बदलला तर आधी कळवणार आणि नवीन माणूस आम्ही भेटून मान्य करणार, असं करारात घाला. डेमोला एक जण येतो आणि पहिल्या सोमवारी दुसराच कुणीतरी हजर होतो, जो स्वतः मागच्याच वर्षी तोच कोर्स करून बाहेर पडलाय, हे इतक्या ठिकाणी ऐकलंय की मी हा मुद्दा कधीच सोडत नाही.

डेमो लेक्चर मागा, पण कॉन्फरन्स रूममध्ये मॅनेजरांसमोर नको, जे अप्रेंटिस शिकणार आहेत त्यांच्यासमोर. मुलगा अडला की शिकवणारा कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतो की त्याच्याच हाताने करून घेतो, हे बघा. त्या माणसाने कधी खऱ्या कंपनीत काही चालू करून दाखवलंय का आणि ते आजही चालू आहे का, हेही. एका बॅचमध्ये किती मुलं हे विचारताना एका शिकवणाऱ्यामागे किती असं विचारा, नाहीतर उत्तर भलतंच येतं.

ऑनलाइन ट्रेनिंग चालेल का?

थिअरीला चालतं. फ्युचरस्किल्स प्राइम नावाचं पोर्टल आहे, जे केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालय आणि आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम मिळून चालवतात, अशा ठिकाणी पायाभूत गोष्टी बऱ्या शिकता येतात. सरावाला गूगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय, फुकटात वापरता येतं, महागडं मशीन लगेच घ्यावं लागत नाही. पण आठवड्यातून एकदा तरी शिकवणारा तुमच्या जागेवर यायला हवा, कॅमेरा कुठे लावलाय आणि फोटो काळा का येतोय हे झूमवर दिसत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवून त्याला ट्रेनिंग म्हणणाऱ्याला सरळ विचारा, की हे व्हिडिओ आम्ही थेट विकत घेतले तर केवढ्याला पडतील.

मराठीतून शिकवणारे मिळतात का?

मिळतात, आणि मागायला लाजू नका. आयटीआयचा मुलगा, तालुक्याच्या कॉलेजातली बीकॉमची मुलगी, यांचं डोकं चांगलं चालत असतं पण इंग्रजी लेक्चरमध्ये ती गप्प बसतात आणि मग शिकवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना समजलं. शब्द इंग्रजीच राहू देत, मॉडेल, डेटा, ट्रेनिंग, पण समजावणं मराठीत हवं आणि प्रश्न मराठीत विचारता यायला हवेत. हळूहळू इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचायची सवयही लावलीच पाहिजे, त्याशिवाय पुढे अडतं, त्यामुळे प्रोव्हायडरकडे यासाठी काही वेगळा वेळ आहे का ते विचारा.

तुमचं काम मराठी कागदांचं असेल, सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना, दूध संघ, तर अजून एक तपासा. त्यांनी मराठीवर काही करून बघितलंय का? मुख्यतः हिंदीवर चालवलेलं टूल ‘ळ’ वर अडखळतं का, देवनागरी आकडे नीट वाचतं का, शेतकऱ्याने बोलीत केलेली फोनवरची तक्रार त्याला कळते का. तुमच्याकडचे दहा जुने कागद द्या, समोर करून दाखवा म्हणा. दहा मिनिटांत खरं-खोटं होतं.

आमचा डेटा बाहेर जाईल याची भीती वाटते. काय करायचं?

भीती रास्त आहे. चाकणच्या व्हेंडर कंपनीकडे गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज असतात, ती गुप्त ठेवायचा लेखी शब्द दिलेला असतो, आणि अप्रेंटिसने शिकता शिकता ती एखाद्या फुकटच्या चॅट टूलमध्ये टाकली की शब्द मोडला. माणसांची नावं, मोबाइल नंबर, आजारपण, पगार असं असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रोव्हायडरबरोबर लेखी ठरवा: डेटा कंपनीच्याच मशीनवर राहील, शिकवणाऱ्याच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर जाणार नाही, सरावाला नावं-नंबर काढलेली कॉपी वापरायची, कुठली टूल्स चालतील त्याची यादी कंपनी देणार, आणि तुमच्याकडे केलेला प्रोजेक्ट ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्या डेटासकट दाखवणार नाहीत. अप्रेंटिसने केलेलं कोड कुणाचं, हेही तिथेच लिहून टाका. प्रोव्हायडर यावर कुरकुर करत असेल तर दुसरा बघा, यात तडजोड नको.

सरकारी संस्था बरी की खाजगी?

दोन्हीकडे चांगलं-वाईट आहे. सी-डॅक आणि नाइलिट या केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या संस्था, पुण्याच्या सी-डॅकमध्ये एआयचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा आहे, छत्रपती संभाजीनगरला नाइलिटचं केंद्र आहे, आयटीआयमध्ये आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोग्रामिंग असिस्टंट नावाचा एक वर्षाचा ट्रेडही आलाय. इथून शिकून आलेली मुलं अप्रेंटिस म्हणून घेतली तर पायाभूत भाग बराचसा झालेला असतो आणि प्रोव्हायडरवरचा तुमचा खर्च कमी होतो, हा मार्ग फार कमी कंपन्या वापरतात आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. खाजगी प्रोव्हायडर तुमच्या कामाप्रमाणे सिलॅबस वळवायला लवकर तयार होतात, तारखा पाळतात, पण त्यांची नोंदणी तपासावी लागते. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर प्रोव्हायडर म्हणून नाव आहे का, जो अभ्यासक्रम चालवणार तो कौशल्य परिषदेचा म्हणजे सेक्टर स्किल कौन्सिलचा मान्य आहे का, आयटीसाठी ही परिषद नॅसकॉमची आहे, आणि शेवटची परीक्षा कोण घेणार. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असेल तर सगळे पास होतात आणि त्या सर्टिफिकेटला काही अर्थ उरत नाही.

फी किती असावी आणि कशी द्यावी?

आकडा सांगणं चुकीचं होईल, गाव, मुलांची संख्या, किती दिवस प्रत्यक्ष येणार यावर तो बदलतो. पण सगळे पैसे आधी कधीच देऊ नका. काही भाग सुरुवातीला, काही पायाभूत भाग संपल्यावर, काही कंपनीतलं ठरवलेलं काम अप्रेंटिस स्वतः करून दाखवेल तेव्हा आणि शेवटचा हप्ता मूल्यमापनानंतर. मध्येच मुलगा सोडून गेला तर उरलेल्या पैशांचं काय, हे आधीच ठरवा, कारण मुलं सोडून जातातच, कुणाला नोकरी लागते, कुणी एमपीएससीच्या अभ्यासाला बसतं.

सगळ्यात स्वस्त कोटेशन आणि सगळ्यात महाग कोटेशन, दोन्ही फोडून शिकवण्याचा तासाला दर काढा. बऱ्याचदा स्वस्त दिसणारं महाग निघतं, कारण त्यात तासच नसतात.

एक संस्था मुलाकडून ३०-४० हजार मागतेय, म्हणते शंभर टक्के प्लेसमेंटसह एआय अप्रेंटिसशिप. भरायचे का?

नाही. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, त्याने पैसे भरून अप्रेंटिस व्हायचं नसतं. तो कोर्स असेल तर संस्थेने कोर्स म्हणून सांगावं, मग फी योग्य की अयोग्य ते बघू. सरळ तीन गोष्टी मागा: कुठल्या कंपनीबरोबर करार होणार तिचं नाव, पोर्टलवरचा कराराचा नंबर, आणि महिन्याला किती स्टायपेंड कुणाच्या खात्यातून. उत्तर टाळलं तर घरी या. गावाकडे आईवडील दागिना मोडून अशी फी भरतात हे बघितलं की जीव तुटतो, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय. शंभर टक्के प्लेसमेंटची हमी कायद्याने कंपनीही देत नाही, मग ही मधली संस्था कुठून देणार?

आयटीआय, बीए, बीकॉमच्या मुलांना एआय जमेल का?

जमतं, काम नीट निवडलं तर. अकाउंट्स कळणारी मुलगी बिलांच्या कामात नुसतं कोडिंग येणाऱ्या इंजिनिअरपेक्षा लवकर तयार होते, कारण जीएसटी नंबर चुकीच्या रकान्यात आलाय हे तिला बघताक्षणी कळतं. कोपा, म्हणजे आयटीआयचा कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, केलेल्या मुलांना कॉम्प्युटरची भीती नसते. गणित थोडं भरून काढावं लागतं, सरासरी, टक्केवारी, शक्यता इतकं. प्रवेशालाच इंजिनिअर हवा म्हणून अडून बसणाऱ्या प्रोव्हायडरला कारण विचारा, कधी कधी खरंच कामाची गरज असते आणि कधी त्यांना शिकवायचे कष्ट नको असतात.

मुलीला लांबच्या एमआयडीसीत पाठवायला घरचे घाबरतात. काय बघायचं?

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा अप्रेंटिसलाही लागू आहे, त्याच्या व्याख्येतच अप्रेंटिस आणि ट्रेनी धरलेत. कंपनीत अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, प्रोव्हायडरच्या सेंटरवर काही झालं तर तक्रार कुणाकडे, हे आधी विचारा. येण्याजाण्याची सोय, सुटायची वेळ, रात्रपाळी आहे का, हेही विचारा, एआयच्या शिक्षणाला रात्रपाळीची गरज पडू नये. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची असते, हे मुलामुली दोघांच्या बाबतीत खरं आहे.

अप्रेंटिसला झेरॉक्स, डिस्पॅच, डेटा एन्ट्री असलीच कामं देतायत. चालतं का?

ट्रेनिंगशी संबंध नसलेलं काम अप्रेंटिसकडून करून घेणं शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या विरोधात आहे. डेटा एन्ट्री थोडे दिवस करणं समजू शकतो, आपण ज्या डेटावर काम करणार तो कसा जन्माला येतो हे त्यातून कळतं, पण तिसऱ्या महिन्यातही तेच चालू असेल तर त्या मुलाला फसवलंय. चांगला प्रोव्हायडर दर महिन्याला अप्रेंटिसची डायरी बघतो आणि असं दिसलं की कंपनीच्या मॅनेजरला तोंडावर सांगतो. तुम्ही मालक असाल तर असा भांडणारा प्रोव्हायडर मुद्दाम निवडा.

मध्येच प्रोव्हायडर बदलता येतो का?

येतो, अप्रेंटिसशिपचा करार कंपनी आणि उमेदवार यांच्यात असतो, प्रोव्हायडरबरोबरचा करार वेगळा असतो. म्हणून प्रोव्हायडरच्या करारात एक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडायची सोय ठेवा, आणि हजेरी, मार्क, प्रोजेक्टच्या फाइली दर महिन्याला तुमच्याकडे जमा होतील असं लिहा. नाहीतर भांडण झालं की ती माणसं रेकॉर्ड अडवून ठेवतात आणि नुकसान मुलांचं होतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हीच का?

नाही. ती राज्य सरकारची २०२४ मध्ये सुरू झालेली वेगळी योजना, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन असं तिचं गणित होतं. ती शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली येत नाही. दोन्ही एकत्र करून सांगणारा कुणी भेटला तर सावध राहा.

अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीला नोकरी द्यावीच लागते का?

बंधन नाही, पण अप्रेंटिसना नोकरीत घेण्याबद्दल स्वतःचं धोरण ठरवणं कंपनीवर आहे. ते धोरण उमेदवाराला पहिल्याच दिवशी दाखवा, कुणाला किती जागा मिळू शकतात हे स्पष्ट सांगा. अप्रेंटिस असताना तो कायद्याने कामगार धरला जात नाही, पीएफ-ईएसआय लागू होत नाही, हेही त्याला माहीत असायला हवं. आणि नोकरी देता आली नाही तरी त्याने केलेलं काम, डेटा वगळून, दुसरीकडे दाखवता येईल असं एक पत्र द्या, सर्टिफिकेटपेक्षा त्या पत्राने जास्त दारं उघडतात.

तक्रार कुठे करायची?

एनएपीएसखालची असेल तर जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला बीटीआरआय म्हणतात तिथे, बहुतेक जिल्ह्यांत ते सरकारी आयटीआयच्या आवारातच किंवा जवळपास असतं. एनएटीएसखालची असेल तर मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे. पोर्टलवरही तक्रार टाकता येते. जाताना कराराची प्रिंट, स्टायपेंड जमा झाल्याचं बँक पासबुक आणि महिन्याची डायरी बरोबर न्या, आणि अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.